अनध्यायाचा एक दिवस

कार्तिकी उरकून, पौर्णिमेचा गोपाळकाला घेऊन मी पंढरपुराहून निघालो, तो कोल्हापुरास रात्र काढून दुसऱ्या दिवशी आंबोली घाटाने सावंतवाडीस उतरलो. बांद्याकडच्या एका गावी द्वितीयेस कीर्तन ठरले होते. एस.टी.तून उतरून पंचांग उघडतो, तो प्रतिपदा! द्वितीया उद्या. पाठशाळेत व्याकरणाबरोबर थोडे ज्योतिषही घोकलेल्या माणसाने तिथीत चुकावे, याला हसावे की रडावे? टाळकरी पंढरपुराहूनच आपापल्या गावी गेलेले, साथीची मंडळी यजमानांच्याच गावची. यजमानांना फोन केला असता तर बिचारे हातचे काम टाकून न्यायला आले असते. केला नाही. बाजारातल्या एका लॉजात पडशी ठेवली आणि बाहेर पडलो.

सज्जनहो, बाहेर पडलो खरा, पण पाय अडखळले. चाळीस वर्षांत मी एकटा असा कुठे गेलोच नाही. वारी दिंडीबरोबर, कीर्तनात मागे टाळकरी, पुढे श्रोते. कामावाचून, सोबतीवाचून, नुसते गाव पाहत हिंडायचे, याला आमच्या गुरुजींच्या कोशात एकच शब्द होता, उनाडकी. साठी उलटल्यावर ती करावी काय? आणि तीही कुठे? सोहिरोबानाथांच्या मुलखात! सोहिरोबा इथून जवळच्या बांद्याचे, जन्म १७१४ चा. हरिभजनावाचून वेळ दवडू नये असे बजावणारे त्यांचे पद आम्ही लहानपणापासून म्हणत आलो.

मोती तलाव गावाच्या अगदी मध्यावर आहे. काठाला राजवाडा, भोवती रस्ता, पलीकडे डोंगर. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते. तळे भरलेले, डोंगराची हिरवी सावली त्यात पडलेली. कठड्यावर टेकलो. आणि टेकतो न टेकतो तोच मनात काय आले? बिंबप्रतिबिंबाचा दृष्टान्त! पाणी हलले की पाण्यातला डोंगर हलतो, खरा डोंगर जागच्या जागी. उद्याच्या निरूपणाला छान बसेल. मग एक बगळा आला, तो दांभिकाच्या ध्यानाला लावून दिला. शेवाळ दिसले, ते अविद्येला. अर्ध्या तासात तळ्यावरचे सगळे मी कामाला जुंपले आणि पाहिले मात्र काहीच नाही. सुताराला रानात झाडे दिसत नाहीत, फळ्या दिसतात, त्यातलीच गत. मला स्वतःची थोडी लाज वाटली.

राजवाड्यात गेलो. तिथे गंजिफा रंगवण्याचे काम चालते. ही कला बुडत चालली होती. शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला पुन्हा उभे केले. गोल गोल पाने, दशावतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत, अशी बारा. मिळून १२० पाने. मत्स्य, कूर्म, वराह यांचा पत्त्यांचा डाव मांडायचा हे आधी मनाला रुचेना. देव काय खेळायला? पण उभ्या उभ्या ब्रह्मसूत्रांतले आठवले. ईश्वर आप्तकाम, मग त्याने सृष्टी कशासाठी केली, या शंकेला बादरायणांनी उत्तर दिले आहे ते लीलेचेच. भाष्यकार तिथे राजाच्या क्रीडेचा आणि श्वासोच्छ्वासाचा दाखला देतात: काही मिळवायचे उरलेले नाही, तरी चालते. हे सूत्र मी किती वेळा लावून दाखवले असेल! पण प्रयोजन नसलेला एक दिवस पदरात पडला, तर मी गुन्हेगारासारखा चाललो होतो.

चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. आंबे, केळी, वांगी अशी की हात लावल्याशिवाय कळू नयेत. पूर्वी ही पांगाऱ्याच्या लाकडाची करीत, पांगारा हलका. एका म्हाताऱ्या कारागिराने माझा बुक्का पाहून विचारले, "बुवा, खंयसून इलात?"

"पंढरपुराहून."

"सोबत कोण नाय?"

"नाही."

"मगे वायच बसा."

बसलो. तो लाकडी आंब्याच्या देठाशी पिवळ्यात तांबडा मिसळत होता. तो बोलला नाही, मीही नाही. तासभर गेला असेल. त्या तासात एकही दृष्टान्त सुचला नाही, हे उठल्यावर लक्षात आले. नातवासाठी तोच आंबा घेतला.

दुपारी पुन्हा काठावर. म्हटले, आज प्रतिपदा, म्हणजे पाठशाळेचा अनध्याय! अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा, प्रतिपदा, या दिवशी पाठ बंद. गडगडाट झाला, धूळ उडाली, कोणी शिष्ट घरी आला, तरी बंद. प्रतिपदेस पढणाऱ्याची विद्या कशी रोडावते, याची उपमा वाल्मीकींनी अशोकवनातल्या सीतेच्या कृशतेला दिली आहे. शास्त्राने सुट्टी नुसती सोसली नाही, ती लावून दिली. सोहिरोबांची कथा तरी काय सांगते? राजाचे तातडीचे बोलावणे आले म्हणून ते सावंतवाडीस निघाले आणि वाटेत रानात फणस खात बसले. तिथेच गहिनीनाथांचे दर्शन झाले, आणि पुढे कुलकर्ण सुटले ते सुटलेच. न थांबता, धावतपळत दरबारी पोचले असते, तर?

इतके जुळवून मी सुखावलो. पण मनूनेच दुसऱ्या अध्यायात एक अपवाद ठेवला आहे: नित्याला अनध्याय नाही. दिवे लागले, पाण्यात त्यांच्या रेघा हलू लागल्या, तेव्हा तो अपवाद आठवला आणि सुख सगळे उतरले. सकाळच्या स्नानानंतर दिवसभरात एकदाही नाम आपण होऊन ओठी आले नव्हते. चाळीस वर्षे ते घेतले, हजारोंकडून घेवविले. पण समोर ऐकणारे कोणी नाही, मागे टाळ नाही, तर ते आले नाही. गर्दीत राहिलो असतो तर हे मला मरेपर्यंत कळले नसते. माळ लॉजवर होती. आणायला उठलो नाही. बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. दोनदा मोजणी चुकली, मग मोजायचे सोडले आणि थंडी वाजेपर्यंत तिथेच बसलो.

दुसऱ्या दिवशी यजमान न्यायला आले. "बुवा, केव्हा आलात?"

"कालच."

"अहो, कळवायचं नाही का! दिवसभर एकट्यानं काय केलंत?"

"तळं पाहिलं," म्हटलं.