समुद्राच्या पोटातले पाणी

वडोदऱ्यातल्या आमच्या वाडीत समुद्राचा विषय निघतो तो बहुधा एफ्लुएंट चॅनेलवरून. शहराच्या कारखान्यांचे सांडपाणी १९८३ पासून या सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपाशी महीच्या मुखात जाते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर एवढा, की तिथे सारे मिसळून जाते, असे आपण ऐकत आलो. हल्ली मध्य हिंद महासागरात पाच हजार मीटर खोलीवरून धातूंचे गोटे गोळा करण्याची चर्चा आहे. तिथे नेमके उलटे ऐकू येते : तळाचे पाणी निश्चल, यंत्राने उडवलेला गाळ जागीच बसेल. टाकायचे असेल तेव्हा समुद्र घुसळणारा, उपसायचे असेल तेव्हा स्तब्ध! विज्ञानाच्या नावाने चाललेली ही सोय मला मान्य नाही. पाणी ढवळले जाणे, मिसळणे आणि तिथून निघून जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करायला समुद्रविज्ञानाला अर्धे शतक लागले.

खोल पाण्याच्या या गोष्टीच्या सुरुवातीच्या भागाबद्दल वाद नाही. विषुववृत्तावरही खोल पाणी थंड असते, कारण ते ध्रुवांकडे बुडून तळातळाने इकडे येते. भौतिकशास्त्रज्ञ रमफर्डने हे अठराव्या शतकाच्या अखेरीसच ओळखले होते. प्रश्न उरला परतीचा. बुडालेले पाणी वर येतच नसेल, तर सगळा समुद्र थंड पाण्याने भरून जाईल. १९६६ साली, म्हणजे गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली त्याच वर्षी, समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंकने उत्तर मांडले : घुसळणीमुळे वरची ऊब खाली झिरपते, थंड पाणी हलके होते आणि दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर वर चढते. त्यासाठी किती घुसळण लागेल, याचा आकडाही त्याने काढला. पुढे लेडवेलच्या गटाने १९९२ साली अटलांटिकमध्ये वायू सोडून त्याचा माग काढला, तेव्हा खुल्या पाण्यातली घुसळण त्या आकड्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची भरली. उरलेली १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, अटलांटिकमधल्याच ब्राझील खोऱ्याच्या मापांत सापडली : सपाट तळावर क्षीण, डोंगराळ तळावर तीव्र आणि तळाकडे जावे तशी वाढती.

ही गोष्ट बहुतेक जण इथेच थांबवतात. तळाशी घुसळण जास्त, म्हणून तिथले सगळे पाणी वर येत असणार, असे ते धरून चालतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

तळापासून काहीशे मीटर उंचीवरचा पाण्याचा एक थर घ्या. त्याच्या वर घुसळण कमी, खाली जास्त. म्हणजे वरून त्याला ऊब मिळते थोडी आणि खालच्या थंड पाण्याकडे जाते जास्त. तो गार होतो, जड होतो आणि खाली उतरतो. तळाला चिकटलेल्या पातळ थराचे तसे नाही. त्याच्याखाली जमीन आहे, ऊब पुढे देण्याची वाट बंद. वरून आलेली ऊब त्याच्यातच राहते आणि तो उतारालगत वर सरकतो. थोडक्यात, चढण होते ती डोंगरउतारांना बिलगलेल्या अरुंद पट्ट्यात. त्यावरचे पाणी उतरत असते. २०१६ साली फेरारी आणि सहकाऱ्यांनी हे मांडले आणि मंकचे चित्र उलटेपालटे झाले.

यावरचा कडक आक्षेप मात्र १९७९ सालीच गॅरेटने घेऊन ठेवला होता. विसण घालून एकदा एकजीव झालेले बादलीतले पाणी पुन्हा कितीही ढवळा, ऊब इकडची तिकडे होत नाही. तळाचा थरही तसाच एकजीव झालेला असेल, तर तिथली खळबळ वाया जाते. मिसळण व्हायला खळबळ हवी, तसे थरही हवेत. हान्स व्हान हारेन यांनी सागरी पर्वतांच्या उतारांवर तापमापकांच्या माळा रोवल्या, तेव्हा दिसले की भरतीच्या लाटा थंड पाणी पुनःपुन्हा उतारावर चढवतात. थर मोडतात आणि पुन्हा रचले जातात, म्हणून तिथली घुसळण फुकट जात नाही. अटलांटिकमधल्या रॉकॉल खोऱ्यातल्या एका सागरी दरीच्या तळाशी सोडलेला रंग उताराने दिवसाला शंभर मीटरच्या घरात चढला, हे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

आता आपल्या दोन दाव्यांकडे पाहा. आखाताचे पाणी वरपासून खालपर्यंत ढवळलेले असते, हे खरे. पण ओहोटीने नेलेले पाणी पुढची भरती बरेचसे परत आणते. मिसळलेले द्रव्य विरळ होते, नाहीसे होत नाही. मध्य हिंद महासागरात भारताच्या वाट्याला ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि तिथल्या तळावर सागरी पर्वतही आहेत. तळाच्या सपाट मैदानावर उडालेला बारीक गाळ थरांच्या दडपणाखाली तळालगत दूर पसरू शकतो, तर उतारापाशी तो वर चढू शकतो. सगळ्या क्षेत्राला लागू पडेल असे एकच उत्तर यातून निघत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. आखातात उधाण आणि भांग या दोन्ही काळांत सोडलेले पाणी कुठवर जाऊन परत येते, ते मोजा. महासागरात यंत्र उतरवण्याआधी मैदानावर आणि उतारावर, तळापासून वेगवेगळ्या उंचींवर, निदान वर्षभर तापमान नोंदवा. त्या नोंदी लोकांसमोर ठेवा. तोवर ‘मिसळून जाईल’ आणि ‘जागीच बसेल’ ही दोन्ही आश्वासने पुराव्याविना दिलेली आहेत, असेच समजावे.