जामीन कोण राहणार?

आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमात एक तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले आहे : एकाच अपराधासाठी कोणालाही दोनदा शिक्षा होणार नाही. न्यायालये हे बंधन पाळतात. आपण ते पाळतो काय? कारागृहाचा दरवाजा उघडतो. परंतु सुटलेल्या माणसाला भाड्याची खोली मिळत नाही, नोकरीच्या वाटेत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आडवा येतो, मुलीच्या सोयरिकीत बापाचा जुना अपराध पुन्हा उगाळला जातो. ही दुसरी शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने ठोठावलेली नाही. म्हणूनच तिला मुदतही नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याचे रक्त सांडले त्याच्या आप्तांचे काय? अपराध्यावरील दया हा त्यांच्यावर अन्याय नव्हे काय? क्षमेचा अधिकार घाव सोसणाऱ्याचाच, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्याच न्यायाने, ज्यांनी घाव सोसलेला नाही त्यांना सूड उगवण्याचाही अधिकार उरत नाही.

२०१७ साली धन्यवादित घोषित झालेल्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसप्रवासात हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या मुक्ततेला संमती दिली आणि २००६ मध्ये तो सुटला. पुढे केरळातील त्या घरी तो गेला, तेव्हा आईनेही त्याला जवळ केले. ज्या घराची लेक गेली त्याने दार उघडले. मग ज्यांचे काहीच गेले नाही त्यांनी ते का लावावे?

संत पौलाचे फिलेमोनास पत्र जेमतेम पानभर आहे. अनेसिम हा धन्यापासून दुरावलेला दास. स्वतः बंदिवासात असलेला पौल त्याला धन्याकडे परत पाठवतो; त्याच्याकडून काही येणे असल्यास ते आपल्या खाती मांडावे, अशी हमी स्वहस्ते लिहून देतो. पौल केवळ भलामण करत नाही, तो जामीन राहतो.

सुटलेल्या बंदिवानाची नेमकी गरज हीच आहे. नाताळात तुरुंगात फराळ वाटणे त्या मानाने सोपे. तिथे मध्ये गज असतात. तो शेजारी राहायला आला की आपली परीक्षा सुरू होते. खोलीच्या मालकाला शब्द देणे, ओळखीच्या कारखानदाराकडे त्याला घेऊन जाणे, यात धोका आहेच. पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली द्यावी, असे कोणी म्हणत नाही. काम द्यावे, लक्ष ठेवावे, चुकल्यास स्पष्ट सांगावे. पौलानेही नुकसान नाकारले नाही. ते भरून देण्याची तयारी दाखवली.

आपल्या धर्मग्रामात दान करणारी घरे पुष्कळ आहेत. अशा माणसासाठी आपले नाव लिहून देणारे एक तरी घर आहे काय?