शेवट ठाऊक नसलेलं वर्ष

निवांत बसा. डोळे मिटले नाहीत तरी चालेल. एका लहानशा देशाचं एक वर्ष आज मनापुढे धरायचं आहे: एस्टोनिया, १९८८. बाल्टिक समुद्राकाठचा, जेमतेम पंधरा लाख वस्तीचा, सोव्हिएत संघात जबरदस्तीने ओढलेला मुलूख. अट एकच. पुढे १९९१ मध्ये काय झालं हे माहीत असलं, तरी घटकाभर ते बाजूला ठेवा. त्या वर्षात जगणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.

एप्रिल. टार्टू या विद्यापीठाच्या गावी वारसा जपणाऱ्यांचा मेळावा भरला आहे. निळा, काळा, पांढरा हा जुना राष्ट्रध्वज फडकवायला बंदी. मग लोक तीन निरनिराळे झेंडे आणतात, एकेका रंगाचे, आणि ते शेजारी शेजारी धरतात.

इथे थांबा. ते तीन झेंडे सावकाश पाहा. नुसत्या निळ्याला कोण अडवणार? पांढऱ्यावर कोणतं कलम लावणार? या युक्तीत हुशारी आहे, हे खरंच. मला मात्र आधी भीती दिसते. अखंड ध्वज घेऊन उभं राहायची छाती अजून होत नाही, आणि घरी बसून राहवतही नाही. या दोहोंच्या मधल्या जागेवर मन ठेवा. एखादी गोष्ट पुरती बोलता येत नाही म्हणून तुम्हीही ती कधी तुकड्यातुकड्यांत बोलला असाल. ती आठवा, आणि तिला भ्याडपणा म्हणायची घाई करू नका.

जून. टालिनच्या जुन्या शहरातला उत्सव आटोपतो, पण माणसं घरी जात नाहीत. चालत गीतमहोत्सवाच्या मैदानावर जातात आणि पहाटेपर्यंत गातात. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिकडे जूनची रात्र पुरती काळोखी होत नाही. शेजाऱ्याचा चेहरा दिसतो, आपलाही त्याला दिसतो. १८६९ पासून हा समाज मोठमोठ्या मेळाव्यांत एकत्र गात आलेला, त्यामुळे गाणी पाठ होतीच. ध्वजाचे तिन्ही रंग आता एकाच कापडावर आले आहेत. स्वतःला विचारा: या गर्दीत मी कितव्या रात्री आलो असतो? उत्तर खरं द्या, शोभणारं नको.

त्याच महिन्यात चित्रकार हाइन्झ वाल्क याने लेख लिहून या सगळ्याला ‘गाणारी क्रांती’ म्हटलं. सप्टेंबरात त्याच मैदानावर सुमारे तीन लाख माणसं जमली. १६ नोव्हेंबरला एस्टोनियाच्या सर्वोच्च सोव्हिएतने सार्वभौमत्व जाहीर केलं: इथे आमचा कायदा वरचा, मॉस्कोचा नंतर. दहा दिवसांत मॉस्कोने ते रद्दबातल ठरवलं.

वर्ष असंच संपलं, ना जिंकलेलं ना हरलेलं. आज याच मुक्कामी थोडा वेळ बसा. पुढचं पान उद्या उलटा.