घरचे काम आणि उद्याचा वायदा

बाहेर चाकरीस जाणाऱ्या मनुष्यास वेळेची आठवण देण्यास घंटा असते, हजेरीचे पुस्तक असते आणि वरिष्ठाची नजर असते. घरी बसून काम करणाऱ्यास यांपैकी काहीच नसते. 2020 साली साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा पुष्कळांच्या कचेऱ्या त्यांच्या घरी आल्या, आणि काहींच्या अद्यापि तेथेच आहेत. तथापि आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस घरचे काम नवीन नाही. उपदेशाची तयारी करणारा पाळक, वह्या तपासणारी शिक्षिका, शिवणयंत्रावर बसणारी बहीण, वर्गणीचा हिशेब ठेवणारा खजिनदार, हे सर्व घरीच काम करीत आले आहेत. आणि या सर्वांच्या दारी न बोलावता येऊन बसणारा एक पाहुणा आहे. त्याचे नाव 'उद्या'.

या चालढकलीस आम्ही सहसा आळस म्हणतो. पण विचार केला असता हे नाव पुरते लागू पडत नाही. आळशी मनुष्य स्वस्थ निजतो. चालढकल करणारा दिवसभर खपत असतो. हिशेबास बसण्यापूर्वी तो फडताळ झाडतो, जुनी पत्रे लावून ठेवतो, अंगण दुसऱ्यांदा लोटतो. या कामांत वाईट काही नाही. परंतु ज्या एका कामाची त्यास धास्ती वाटते, त्यापासून लपावयास ती त्यास जागा देतात. हिशेबात चूक निघेल, उपदेश साधणार नाही, पत्रात कोणास नकार द्यावा लागेल, असे काहीतरी त्याच्या मनात असते. चालढकलीच्या मुळाशी बहुधा भय असते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या 24व्या अध्यायात सुभेदार फेलिक्स याची हकीकत आहे. पौल त्याजपुढे नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांविषयी बोलू लागला, तेव्हा तो भयभीत झाला. आणि सवड मिळेल तेव्हा पुन्हा बोलावू, असे सांगून त्याने पौलास परत पाठविले. पुढे त्याने त्यास वारंवार बोलाविले खरे, पण ते पैसा मिळेल या आशेने. निकाल मात्र दिला नाही. अशी दोन वर्षे लोटली, आणि तो अधिकारावरून गेला तेव्हाही पौल बंदीतच होता. विलंब फेलिक्साचा, बेड्या पौलाच्या! आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. सोलापुरास घरी विड्या वळणाऱ्या बायांस हजारावर मजुरी मिळते. हात थांबला तर मजुरी त्यांचीच बुडते, आणि तोटा लागलाच कळतो. पण ज्या विलंबाचा तोटा दुसऱ्याच्या पदरी पडतो, तो करणारास सहसा कळत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांस शिकविण्यासाठीच लिहीत आहो असे नाही. एका विधवा बहिणीच्या मुलीस परिचारिकेच्या शिक्षणास जावयाचे होते, व तिने आम्हांजवळ शिफारसपत्र मागितले. काम अर्ध्या तासाचे; परंतु ते उत्तम लिहावे म्हणून आम्ही आज-उद्या करीत राहिलो. पत्र लिहिले तेव्हा अर्जाची मुदत टळून दोन दिवस झाले होते. मुलीचे एक वर्ष गेले. तिची आई आम्हांस एक शब्द बोलली नाही. आणि ते न बोलणेच आम्हांस अधिक झोंबले.

यावर कोणी म्हणेल, घरी मूल तापाने फणफणते, पाहुणा येतो, नळास पाणी येते. तेव्हा काम मागे राहणारच. हे खरे आहे. प्रीतीमुळे झालेला विलंब आणि भयामुळे झालेला विलंब हे एक नव्हेत. आजाऱ्याच्या उशाशी बसणारा कामाकडे पाठ फिरवीत नाही. तो त्या वेळेचे मोठे काम करीत असतो. आपला विलंब कोणत्या जातीचा, हे ज्याचे त्याने देवासमोर ठरवावे.

उपाय साधेच आहेत. करिंथ येथे पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करी. ते एकत्र काम करीत. आपणही घरातील एकास सकाळीच सांगून ठेवावे, "आज हे करीन, संध्याकाळी मला विचारा." ज्याच्यासाठी काम आहे त्याचे नाव कागदावर लिहून समोर ठेवावे, म्हणजे वाट पाहणारा दृष्टीआड होत नाही. आणि ज्या भागाची धास्ती अधिक, त्यालाच प्रथम हात घालावा, मग तो घटकाभरच का होईना.

पण भय केवळ युक्तीने जात नाही. आपले मोल आपल्या कामावरच ठरते असे जो मानतो, त्यास प्रत्येक काम न्यायासनासारखे वाटते. उलट, ख्रिस्ताने आपला स्वीकार केला आहे हे ज्यास कळले, तो हिशेबाची वही उघडू शकतो. चूक निघाली तर ती कबूल करून सुधारू शकतो. अशा मनुष्यास उद्याच्या आड लपण्याचे कारण उरत नाही. वाचकहो, आपल्या घरी कोणाचे पत्र, कोणाचा हिशेब, कोणाची क्षमा अडून राहिली आहे काय? वाट पाहणारा अद्यापि वाट पाहत आहे. दिवस मावळण्यापूर्वी त्या कामास आरंभ करू या.