पाणी नाही म्हणून पाण्याचं पाकीट

आमच्या बुलडाण्यात नाली उपसताना काय निघतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. माझी नजर अडकली ती एका सफाई कामगाराच्या हाताशी. फावड्याला पांढऱ्या, लिबलिबीत पट्ट्यांचा गुंता बसला होता आणि तो माणूस उघड्या बोटांनी तो सोडवत होता. बाळाची शी पुसून फेकलेल्या वाइप्स होत्या त्या. चिखलात मुरूनही त्यांचा धागा सुटला नव्हता. सुटणार कसा? बहुतेक वाइप्समध्ये पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे प्लॅस्टिकच. लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या गटारात २०१७ साली २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला, तो चरबी, डायपर आणि असल्याच वाइप्सचा होता. आपल्या नाल्या तर हातभर रुंदीच्या.

सुती फडकं का वापरत नाही, असं विचारलं की ‘वेळ नाही’, ‘आजकाल सगळेच वापरतात’ ही उत्तरं येतात. ती सोडून देऊ. मला राग येतो तो ‘पाणी कुठं आहे?’ या उत्तराचा. कारण ते खरं वाटतं आणि बुलडाण्यात तर कुणी उलटून बोलतही नाही.

पण बोलतं कोण, ते पाहा. सकाळी नळीचा फवारा धरून गाडी धुणारं घर हे बोलतं. अंगणातल्या फरशीवर रोज दोन बादल्या ओतणारं घर बोलतं. आरओ मशीनचं नाकारलेलं पाणी सरळ मोरीत सोडणारं घर बोलतं. त्या घरात पाणी फक्त बाळाच्या फडक्यापाशी येऊन संपतं. आणि त्यावर उपाय काय, तर दुकानातून ओल्या वाइप्स आणायच्या. काही पाकिटांवर ‘९९ टक्के पाणी’ अशी जाहिरातच छापलेली असते. म्हणजे घरात पाणी नाही म्हणून प्लॅस्टिकात बंद केलेलं पाणी, तेही सुगंधी, पैसे मोजून घरी आणायचं! दिवसभराच्या दहा-बारा फडक्यांना असं लागतं तरी किती? बाळाच्या आंघोळीचं उरलेलं पाणी पहिल्या खळबळीला चालतं. मग साबण आणि स्वच्छ पाण्याची एखादी बादली. लंगोट, झबली रोज धुवायचीच असतात, त्यांच्यासोबत ही निघतात.

खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, जिथं जमिनीतलं पाणीच खारं आहे, किंवा जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत असतात, तिथल्या बाळंतिणीला मी एक शब्द बोलणार नाही. तिची तक्रार खरी आहे. पण तिच्या हंड्याच्या आड शहरातल्या गाडीवाल्यानं लपू नये.

बुलडाणा जिल्ह्याला तर या वाइप्स आणखीच शोभत नाहीत. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी होती की १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. आजही आपल्या शेतात कापूस उभा असतो. आणि आपली लेकरं आपण पॉलिस्टरनं पुसतो.

सुगंधाचं पुन्हा सांगतो, कारण मला त्याची चीड आहे. तान्ह्या बाळाच्या कातडीला गुलाबाचा वास कशाला हवा? शिवाय वाइप्स टिकाव्यात म्हणून त्यांत रसायनं घालावी लागतात. त्यातल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या एका रसायनानं अ‍ॅलर्जी होते म्हणून युरोपीय संघानं अंगावर न धुता राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत ते वापरायला २०१७ पासून बंदी घातली. जुन्या धोतराच्या फडक्याला ना वास, ना रसायन.

लांबच्या एसटी प्रवासात पाकीट जवळ ठेवलं तर ठेवा, त्यावरून मी भांडत बसणार नाही. मात्र वापरलेली वाइप नालीत टाकू नका. डायपर, पॅड नीट गुंडाळून द्यायचे हा घनकचरा नियमांतला दंडक आहे, वाइपही तशीच गुंडाळून घंटागाडीत द्या. गाडीवरच्या माणसालाही हात आहेत.

घरी असाल तेव्हा मात्र सबब नको. पेटीतली मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर काढा, वीतभर चौकोन कापा, कडा मशीनवर दुमडून घ्या. वापरलेली फडकी झाकणाच्या वेगळ्या बादलीत टाका, शिळी ठेवू नका, गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. उन्हाची तर बुलडाण्यात टंचाई नाही. आणि ही बादली बाळंतिणीच्या किंवा आजीच्या गळ्यात घालू नका. बाळाच्या बापानं ती धुवावी, रोज.