जमीनच तशी

"जमीनच तशी हाय, ताई. तिला कोण काय करणार?"

अण्णा हे बोलले तेव्हा आम्ही बांधावर उभे होतो. शिरोळ तालुक्यातलं गाव, मे महिना, सकाळचे नऊ. समोर २२ गुंठे ऊस. वरच्या अंगाला बरा आलेला, आणि खाली ओढ्याकडच्या कोपऱ्यात नुसती तुटाळ. तिथे सऱ्यांच्या माथ्यावर मीठ भुरभुरावं तसा पांढरा थर फुटलेला. अण्णांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांचं वाक्य मलाही पटलं असतं. पण त्या रानातला मातीचा नमुना मी घेतला होता, आणि कसा घेतला होता हे फक्त मला आणि मामाला माहीत होतं.

रान मामाचं. वरचं दोन एकर तो स्वतः करतो, खालचे २२ गुंठे खंडाने देतो. मी तेव्हा कोल्हापुरात मृदाशास्त्रात एम.एस्सी. करत होते. (माती शिकायला दोन वर्षं लागतात हे घरच्यांना पटायलाही साधारण तेवढाच वेळ लागला.) मामा म्हणाला, नव्या माणसाला रान द्यायचंय, रिपोर्ट असला म्हणजे बरं दिसतं. मी टिकाव आणि घमेलं घेऊन गेले.

नमुना घ्यायचे नियम शाळकरी पोरालाही जमतील असे आहेत. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती खरवडायची. बांधाजवळची, उकिरड्याची, झाडाखालची माती टाळायची. सगळी घमेल्यात कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. या सगळ्यांइतकाच महत्त्वाचा आणखी एक नियम आहे: जिथे रंग, उतार किंवा पीक वेगळं दिसेल तिथली माती वेगळ्या पिशवीत. खालच्या कोपऱ्यात ते डोळ्यांना दिसत होतं. मी दुसरी पिशवी काढली तसा मामा म्हणाला, "एकाच तुकड्याला दोन पिशव्या कशाला? मिसळ की सगळी."

मी मिसळली.

रिपोर्ट आला. सामू आठच्या थोडा वर, क्षारता मर्यादेत, सेंद्रिय कर्ब मध्यम. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. फक्त त्या आकड्यांची माती त्या रानात कुठेच नव्हती. वरची त्याहून चांगली होती आणि खालची त्याहून फार वाईट. अण्णांनी कागद बघितला, खंड ठरला, जानेवारीत लागण झाली.

मातीचं वर्णन करायचं म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते त्यानंतर, प्रबंधासाठी कोल्हापूर जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे पायाखाली घालताना. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिरोळला ५०० ते ६००. मधे अंतर शंभरेक किलोमीटरचं. खालचा खडक दोन्हीकडे तोच, दख्खनचा काळा बेसॉल्ट. पण पश्चिमेला पाण्याने त्या खडकातलं विरघळेल ते सगळं धुऊन नेलं. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणून तिथे तांबडी माती आणि जांभा. (सड्यांवरचा जांभा मात्र आजच्या पावसाचा नाही, फार जुन्या काळचा आहे. माती कधीकधी गेलेल्या हवामानाची नोंद ठेवते.) पूर्वेला पाऊस कमी आणि उतार मंद, त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम जागेवर राहतात, वरून वाहत आलेलंही इथेच थांबतं. त्यातून ओलं झालं की फुगणारी, वाळलं की हात आत जाईल एवढी भेगाळणारी चिकण काळी माती तयार होते. म्हणजे शिरोळच्या काळीची श्रीमंती थोडीफार वरच्यांच्या अंगावरून उतरलेली आहे.

खड्डा खणून आम्ही रंग बघायचो. त्यासाठी मनसेलचा रंगतक्ता असतो. आल्बर्ट मनसेल हा अमेरिकन चित्रकार. रंगांना आकड्यांत बसवण्याची त्याची पद्धत १९०५ साली पुस्तकात आली आणि पुढे जगभरच्या मातीवाल्यांनी ती उचलली. आपल्या काळ्या मातीला त्यात '१० वायआर ३/१' असं काहीतरी नाव मिळतं. रंग दोनदा लिहायचा, कोरडा आणि ओला. मला ही सवय फार आवडते. माणसांबद्दल लिहितानाही कुठल्या अवस्थेत बघितलं ते लिहायची सक्ती हवी होती.

तर, आकडे प्रयोगशाळेतून येतात, पाऊस आणि उन्हाळा हवामानाच्या नोंदींतून, उतार नकाशावरून. हे तिन्ही एकावर एक ठेवले की अण्णांच्या वाक्यातली गफलत दिसायला लागते. प्रयोगशाळेला फक्त 'आहे' कळतं: सामू साडेआठच्या वर, विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे, म्हणून ही चोपण. पाऊस आणि उतार 'झाली' सांगतात: इथे क्षार धुऊन जाईल एवढं पाणी आभाळातून येत नाही, आणि ही सखल जागा आहे. 'केली' हे क्रियापद मात्र कुठल्याच रकान्यात नसतं. आपण बोलतानाही ते टाळतो. जमीन उतरली, खारावली, पांढरी पडली. सगळं तिचं तिनेच केल्यासारखं.

हान्स येनी या शास्त्रज्ञाने १९४१ साली माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ. त्यात माणूस 'सजीव' या खात्यात बसतो, गांडुळाच्या शेजारी. शास्त्र म्हणून ते ठीकच आहे. पण गांडुळाला कुणी जाब विचारत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जमिनीला स्वभाव असतोच. काळीचा स्वभाव पाणी धरून ठेवण्याचा. या एका स्वभावावर आपल्या आज्या-पणज्यांनी शाळू पिकवला. दिवाळीच्या आसपास पेरायचा आणि मुरलेल्या ओलीवर काढायचा. तेव्हा हाच गुण होता. मग नदीवरून उपसा योजना आल्या, ऊस आला, बारमाही पाणी आलं. तीच चिकण माती आता पाणी सोडत नाही म्हणून दोषी ठरली. भूजल वर येतं, उन्हाळ्यात ते केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढतं, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. माती तीच होती. तिच्याकडून आपल्याला काय हवंय ते बदललं होतं.

मातीला आपल्या मागणीवरून नाव ठेवायची रीत तशी जुनी आहे. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीनमोजणीची जी पद्धत सुरू केली, तिच्यात मातीची प्रत खोली आणि रंगावरून ठरे, वरची प्रत १६ आण्यांची, सगळ्यात खालची २ आण्यांची. चुनखडी निघाली, रेती निघाली, उतार निघाला की प्रत खाली. हे मातीचं वर्णन होतं, पण विचारलेला प्रश्न होता सारा किती बसेल. सातबाऱ्यावरचा 'आकार' आणि 'पोटखराब' हे शब्द त्याच घराण्यातले. मसाई पठारावर पावसाळा सरताना जी रानफुलं येतात, त्यांच्या दृष्टीने तिथली बोटभर माती खराब नाही. पण आण्यांत मोजायची तर ती तळालाच जाणार.

म्हणून मला वाटतं, मातीचं प्रत्येक वर्णन कुणाच्या तरी पुढच्या निर्णयासाठी असतं, आणि तो निर्णय घेणारा माणूस नमुना घेताना तिथे नसतो. माझ्या पिशवीवर अण्णा अवलंबून होते. त्यांना मी तेव्हा बघितलंही नव्हतं.

मामाच्या रानाचा उतार मी पुढे एका सुट्टीत मोजला, वर्गातून मागून आणलेल्या यंत्राने. वरच्या दोन एकरांतून खालच्या कोपऱ्याकडे सरळ उतार. म्हणजे तो कोपरा चोपण झाला त्यात अण्णांच्या पाण्याचा वाटा थोडा आणि मामाच्या पाण्याचा जास्त. मामा दुष्ट नाही. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत तो मोटर चालू करतो, पाट मोडतो आणि झोपतो. सकाळी शेवटच्या सरीत पाणी उभं असतं. तालुक्यात असे हजारो लोक असतील. कुणी एकाने काही 'केलं' असं म्हणताच येत नाही.

इतके दिवस मी स्वतःला हेच सांगत होते: सगळ्यांचं थोडं थोडं आहे, मग कुणाचंच नाही. पण हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर पुस्तिका लिहिली ती १९१० साली. नीरा डावा कालवा त्याआधी पंचवीसेक वर्षांपूर्वी सुरू झालेला. कालव्याचं पाणी, काळी माती, निचरा नाही, क्षार वर. हे आपल्याच राज्यात शंभरावर वर्षांपूर्वी कळलेलं आहे. मामाने ते वाचलं नव्हतं. मी वाचलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तर लिहून मार्क घेतले होते, आणि तरी घमेल्यात माती मिसळली होती. दोघांच्या चुका एका तागडीत घालता येत नाहीत. त्याचं पाणी जास्त होतं, पण माहिती माझ्याकडे जास्त होती.

मामाला मी उताराचा नकाशा दाखवला. "मग मी काय मुद्दाम केलं व्हय?" एवढंच तो म्हणाला, आणि दोन दिवस बोलला नाही. नंतर त्याने त्या वर्षीचा खंड अर्धा केला. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अण्णांना सांगणं जड गेलं. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा मोठेपणाने जाऊ दे म्हणतील. ते थोडा वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "तवाच बोलली असतीस तर मी दुसरीकडं रान बघितलं असतं." यावर उत्तर नाही. वर्षभर राबलेल्या माणसाला मी येनीचे पाच घटक सांगणार होते की काय?

उपाय आहेत, आणि गुपित नाहीत. जिप्सम, धैंचा गाडणं, पाणी कमी करणं. आणि खरा उपाय म्हणजे जमिनीखालून छिद्रांचे पाईप टाकून निचरा. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने हे काम शेतकऱ्यांना एकत्र आणून केलंय, आणि पडून राहिलेल्या रानात पुन्हा पीक उभं राहिलेलं मी बघितलंय. एकत्र, कारण पाईपातलं पाणी शेवटी ओढ्यात सोडायचं तर खालच्यांच्या रानातून जावं लागतं. आमच्या बाबतीत मधे दोन घरांची जमीन आहे. एक तयार आहेत. दुसरे म्हणतात, तुमचं खारं पाणी आमच्या रानातनं का? त्यांचा प्रश्न बरोबरच आहे. आम्ही वर राहून कधी विचारला नव्हता एवढंच.

पुढच्या लागणीला अण्णा रान ठेवणार की सोडणार ते ठरलेलं नाही. पावसाळ्याआधी मी पुन्हा नमुने घेणार आहे, या वेळी दोन पिशव्यांत. त्यांनी सांगितलंय, यायच्या आधी हाक मार, खड्डे कुठं घ्यायचे ते मी दाखवतो.