दाताचा पत्ता

शिरूर-दौंडच्या शिवारात शार्कचा दात शोधत फिरणाऱ्याला गावकरी वेड्यात काढतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. इथला कातळ लाव्ह्याचा. कोयनेजवळ भोक पाडून पाहिलं, तेव्हा 933 मीटर बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये समुद्राचा थर नव्हताच.

चुनखडी मात्र इथे हवी तेवढी. पण ती समुद्राची नव्हे. काळ्या कातळातून झिजून सुटलेला चुना पाण्याबरोबर मातीत उतरतो आणि पाणी उडालं की खडे होऊन बसतो. ऊसवाले तिला चांगलं ओळखतात: चुनखडीच्या रानात पिकाला लोह मिळत नाही, पानांवर केवडा पडतो. इंग्लंड-फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे पांढरे कडे खऱ्या खडूचे. तो खडू म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा गाळ. रसायन एक, कुळी वेगळी.

आणि तरीही तो खडू आणि आपला काळा कातळ एका काळाचे. क्रिटेशस हे नावच लॅटिनमधल्या ‘खडू’वरून आलं. तो कालखंड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपला. डेन्मार्ककडच्या समुद्रात खडू साचत होता, त्याच सुमारास आपल्याकडे लाव्ह्यावर लाव्हा चढत होता.

खडूत शार्कचे दातच का मिळतात? सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. दात मात्र जन्मभर गळत राहतात, हजारोंनी. ओळखताना आधी मूळ पाहायचं, मग टोकाचा कल, मग धार. स्क्वॅलिकोरॅक्स नावाच्या जुन्या शार्कचा दात मागे झुकलेला, कडेला करवतीसारखा. टायकोडसचा चपटा, वर वळ्या असलेला, शिंपले फोडायला केलेला. तमिळनाडूत कराईच्या क्रिटेशस थरांत असे दात मिळाले आहेत. गोम अशी, की एकाच जबड्यात पुढचा दात वेगळा, मागचा वेगळा. सुट्या दाताला घाईनं नाव देणारा हमखास फसतो.

म्हणूनच मला सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ स्टेनो मोठा वाटतो. 1666 मध्ये फ्लॉरेन्सला त्याच्याकडे एका प्रचंड शार्कचं डोकं आलं. लोक ज्यांना सापाच्या दगडी जिभा समजत, ते खडे त्या जबड्यातल्या दातांसारखेच आहेत हे त्यानं पाहिलं. तिथे तो थांबला नाही. दगडाच्या पोटात दात गेला कसा, असं त्यानं विचारलं, आणि त्यातून थरांचं शास्त्र उभं राहिलं. दात कोणाचा, यापेक्षा तो होता कुठे, हा प्रश्न वरचढ ठरला.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावानं हेच दाखवलं. घोडनदीकाठी डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाणकाळातली ती शेतकरी वस्ती; मेलेली मुलं दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेली. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी तिथल्या माणसांचे सांगाडे आणि दात अभ्यासले. दातावरून मूल कितव्या वर्षी गेलं ते कळतं, वाढत्या वयातली आबाळ दंतवल्कावर रेघ ठेवून जाते. पण प्रत्येक दात कोणत्या घरातला, कोणत्या थरातला, हे टिपलेलं होतं म्हणून ते सारं गावाचं बोलणं झालं. एरवी ती नुसती हाडं. तिथे शंखाच्या वस्तूही मिळाल्या. त्यावरून इथे समुद्र होता असं कोणी म्हटलं नाही. किनाऱ्याहून शंख कोणी आणला, हेच विचारलं गेलं. उद्या त्याच घरांत शार्कचा दात मिळाला, तर त्यालाही तेच विचारावं लागेल.

भीमा आणि घोडच्या जुन्या गाळात रानबैलांचे, हत्तींचे जीवाश्म आहेत. वाळूउपशाचं यंत्र ते वर काढतं आणि पत्ता पुसून टाकतं. तेव्हा काठावर दगड झालेला दात दिसला, तर लगेच खिशात घालू नका. आधी आहे तिथेच त्याचा फोटो घ्या, मातीचा रंग आणि काठापासूनची खोली लिहून ठेवा, आणि मग डेक्कन कॉलेजला कळवा.